मागची अक्षरं उलटी, हँडल काळं

पत्र :

ताई, स. न. वि. वि.

मी डोंबिवलीला राहते, बँकेत नोकरी करते. या वर्षी प्रमोशन मिळालं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी महागडी वस्तू घेतली. लुई व्हिटॉनची ‘स्पीडी ३०’ बॅग, तीही जुनी, ४५,००० रुपयांना. विकणाऱ्या बाईंनी जपानमधून आणलेला माल असल्याचं सांगितलं होतं. जूनच्या शेवटी बॅग आली. महिनाभर कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवली. परवा काढली तर हँडलवर आणि खालच्या चामड्याच्या पट्ट्यांवर पांढरी बुरशी, आणि आत कोंदट वास. हँडल आधीपासूनच काळपट होतं, पट्ट्यांवर पाण्याचे डाग आहेत, एका पट्ट्याचे दोन टाके उसवलेत. छोटं पितळी कुलूप काळं पडलंय, चेन अडकते.

आई म्हणते खोबरेल तेल चोळ. हे म्हणतात दोन दिवस उन्हात टाक. स्टेशनजवळचा चांभारदादा १,५०० रुपयांत रंग मारून ‘कोरी करकरीत’ करून देतो म्हणाला. आणि जाऊबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की बॅग नकली आहे, कारण मागच्या बाजूची अक्षरं उलटी छापली आहेत. आत चामड्याच्या छोट्या पट्टीवर ‘एसपी ००४३’ असं लिहिलंय. तुळशीच्या लग्नानंतर भाचीचं लग्न आहे, तेव्हा ही बॅग न्यायची होती. आता काढायची की लपवायची, तेच कळेना.

– एक वाचक, डोंबिवली

उत्तर :

आधी जाऊबाईंचं बघू. बुरशीपेक्षा तेच तुम्हाला जास्त खुपतंय असं पत्रावरून वाटलं.

मागची अक्षरं उलटीच असायला हवीत. स्पीडीचं अंग कापडाच्या एकाच सलग तुकड्याचं असतं. तो पुढून सुरू होतो, तळाखालून वळतो आणि मागे वर चढतो. तळाला जोड नाही. त्यामुळे पुढे सुलट असलेली ‘एल व्ही’ अक्षरं मागे पोहोचेपर्यंत डोक्यावर उभी राहतात. काठाला मोर विणलेलं कापड खांद्यावरून पाठीवर टाकलं की पाठीवरचा मोर पाय वर करून बसतो, तसंच हे. उलट स्पीडीच्या दोन्ही बाजूंना अक्षरं सुलट दिसली असती आणि तळाला शिवण असती, तर मी म्हटलं असतं, जरा थांबा.

आता ‘एसपी ००४३’. १९९० ते २००६ या काळातल्या बॅगांवर दोन अक्षरं आणि चार आकडे असत. अक्षरं कारखान्याची. आकड्यांतला पहिला आणि तिसरा जोडून महिना, दुसरा आणि चौथा जोडून वर्ष. तुमच्या आकड्यांवरून ०४ आणि ०३ निघतं, म्हणजे एप्रिल २००३. पुढे २००७ पासून महिन्याऐवजी आठवडा आला, आणि २०२१ पासून तर छापील खूणच बंद होऊन आत मायक्रोचिप बसली. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. नकली बनवणारेही आकडे नीट छापतात. आकडे जुळले म्हणून बॅग खरी ठरत नाही. जुळले नाहीत, महिना तेरावा निघाला, तर मात्र खोटी ठरते. चामड्यावरचा ठसा भिंगातून बघा. खऱ्या ठशात ‘ओ’ अगदी गोल, थाळीसारखा असतो, ‘एल’चा आडवा पाय आखूड असतो आणि दोन ‘टी’ एकमेकांना जवळजवळ टेकलेले असतात. कंपनीच्या दुकानात बॅग खरी की खोटी हे तपासून देत नाहीत. नकली बॅग दुरुस्तीला घेतही नाहीत. हे पुढे उपयोगी पडेल.

जाऊबाईंना हे कधी आणि कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी असते तर बॅग टेबलावर ठेवून तळ दाखवला असता, आणि चहा टाकायला आत गेले असते.

आता बॅगेकडे वळू. तुम्हाला मिळालेले तीनही सल्ले, तेल, ऊन आणि रंग, आज बाजूला ठेवा. तिन्हींचं नुकसान परत फिरवता येत नाही. बुरशी मात्र उतरते.

तुमच्या हातात दोन वेगळ्या वस्तू एकत्र शिवलेल्या आहेत, हे आधी लक्षात घ्या. तपकिरी नक्षीचा भाग चामडं नाहीच. ते सुती कापड आहे, वर पीव्हीसीचा लेप. ती नक्षी १८९६ ची, जॉर्ज व्हिटॉन यांनी वडिलांच्या नावाची आद्याक्षरं गुंफून केलेली. हँडल, पट्टे, चेनच्या टोकाची जीभ हे खरं गाईचं चामडं, वनस्पतींच्या टॅनिननं कमावलेलं आणि वरून कुठलाही लेप न दिलेलं. त्याला वॅशेटा म्हणतात. एक भाग रेनकोटासारखा, दुसरा टिपकागदासारखा. एकाला चालणारी गोष्ट दुसऱ्याला मारक ठरते. बहुतेक बॅगा बिघडतात त्या सगळ्या बॅगेवरून एकच फडकं फिरवल्यामुळे.

या चामड्याची ओळख आपल्याला नवी नाही. कोल्हापुरीचं चामडंही बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं असतं. नवी कोल्हापुरी फिकट असते, अंगठ्याच्या जागी वर्षभरात काळसर तकतकी येते, आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. उलट ‘आता पायात बसली’ म्हणतात. (२०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तसल्याच चपला दाखवल्या आणि मग गदारोळ झाल्यावर मूळ कोल्हापूरकडचं आहे हे कबूल केलं. इटलीच्या लोकांना हिरड्याचं कौतुक कळायला एवढा वेळ लागला.) तुमच्या बॅगेचं हँडलही कोरं असताना फिकट, किंचित गुलाबीसर मलईच्या रंगाचं असणार. प्रकाश, हवा आणि हाताचं तेल यांनी ते आधी मधासारखं झालं, मग तपकिरी, आणि जिथे मूठ बसते तिथे काळं. वीस वर्षांहून जास्त काळ कुणीतरी ही बॅग रोज उचलली आहे. त्या काळेपणात थोडी धूळ आहे, ती निघेल. बाकीचं चामड्यात मुरलेलं आहे, ते निघणार नाही. काढायच्या भानगडीत पडूही नका.

पहिलं काम बुरशीचं, आणि ते कोरडं करायचं. इथे बहुतेकजणी चूक करतात. बुरशी दिसली की ओलं फडकं घेतात, आणि फडक्याच्या पाण्याबरोबर ते कण चामड्याच्या रंध्रांत आणखी खोल जातात. पाऊस उघडलेला एखादा दिवस बघा. गॅलरीत, स्वयंपाकघरापासून लांब, खाली जुनी चादर टाका. करोनातला मास्क कुठल्यातरी खणात असेलच, तो लावा. दाढीचा मऊ ब्रश किंवा मेकअपचा जाड ब्रश घेऊन बुरशी स्वतःपासून दूर झाडा. हँडलची कड, टाक्यांच्या रेषा, कड्यांच्या मागची जागा इथे ती लपून बसते. व्हॅक्युम क्लीनर असेल तर त्याच्या तोंडावर मलमलचा तुकडा बांधून हलक्या ओढीनं फिरवा. ब्रश आणि चादर लगेच गरम पाण्यात टाका.

एक खात्री करून घ्या. चामड्यावरचं सगळं पांढरं म्हणजे बुरशी नव्हे. कधी आतली चरबी वर येऊन पांढरट साय धरते. बोट जरा चोळून गरम करा आणि त्या जागी ठेवा. चरबी असेल तर विरघळून दिसेनाशी होते. बुरशी असेल तर फासली जाते आणि मातीसारखा वास येतो. तुमच्या बाबतीत प्लास्टिकची पिशवी आणि जुलै म्हटल्यावर मी बुरशीच धरून चालते. पण पाच सेकंदांची परीक्षा आहे, करून टाका.

झाडून झालं की बॅग वाळवायची, सावलीत आणि हवेशीर. घरी एसी असेल तर त्या खोलीत ‘ड्राय’ मोडवर दोन रात्री ठेवा, चेन उघडी, आतले कप्पे बाहेर ओढलेले. एसी नसेल तर पंख्याखाली चार दिवस. हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली राहिली की बुरशी वाढत नाही. मरत नाही हं, नुसती निजते. पावसाळ्यात आपल्याकडे हा आकडा ऐंशीच्या वर सहज जातो, म्हणून कपाटात बंद केलेल्या चामड्याला दर वर्षी हाच प्रसंग येतो. जपानमध्येही जून-जुलैत पावसाळी दमट दिवस असतात, तेव्हा बुरशीचे कण बॅगेबरोबर आले असण्याचीही शक्यता आहे. विकणाऱ्या बाईंवर लगेच दोष ठेवायला नको. प्लास्टिक तुमचं होतं.

यजमानांचं ऊन का नको, तर कडक उन्हात वॅशेटा भराभर काळवंडतं, तेही एकसारखं नाही, वरच्या बाजूला जास्त आणि घडीत कमी. पीव्हीसीचा लेप उष्णतेनं हळूहळू ताठ पडतो आणि मग घडीच्या जागी तडकतो. हेअर ड्रायरचंही तसंच.

आणि आईचं खोबरेल. इथे मी स्वतःचंच उदाहरण देते. बावीस-तेवीस वर्षांची असताना आत्याची चामड्याची पर्स माझ्याकडे आली. बदामी रंग, नाजूक कडी. मी मोठ्या प्रेमानं तिला खोबरेल चोळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती इतकी सुंदर दिसत होती की मी आत्याला फोन करून सांगितलं. आठवड्यानं डाग दिसू लागले, जिथे बोटं जास्त फिरली तिथे गडद. श्रावण संपेपर्यंत पर्सला खवट वास मारायला लागला आणि बुरशीनं ती भरून गेली. तेल म्हणजे बुरशीचं जेवणच, ते मी स्वतःच्या हातानं वाढून ठेवलं होतं. आत्याला आजतागायत सांगितलेलं नाही. हा मजकूर ती वाचत नाही अशी आशा आहे. आईंना सांगा, कोल्हापुरीला खुशाल तेल लावा. चप्पल चार वर्षांनी टाकता येते.

बॅग पूर्ण वाळली की कॅनव्हास, म्हणजे नक्षीचं लेप दिलेलं कापड, पुसायला घ्या, ते सोपं आहे. कोमट पाण्याच्या वाटीत बेबी शाम्पूचे दोन थेंब. मऊ सुती फडकं बुडवून इतकं पिळायचं की पुन्हा पिळल्यावर थेंब पडू नये. नक्षीवरूनच फिरवा, चामड्याच्या कडेला बोटभर जागा सोडून. मग साध्या पाण्याचं, मग कोरडं. कडेची ती बोटभर पट्टी कानात घालायच्या कापसाच्या काडीनं. स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर, सॅनिटायझर यांतलं काहीही नाही, नक्षीचा रंग निघून येतो. ओले वाइप्स तर चामड्यालाही वाईट आणि कॅनव्हासलाही. तळाच्या कोपऱ्यांत आणि वरच्या घडीत तडे आहेत का ते नखानं नाही, प्रकाशात वाकवून बघा. तडे असतील तर त्यांना उपाय नाही. बॅग घडी घालून ठेवायची नाही, एवढंच करता येतं.

आता हँडल. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या आणि सगळ्यात कमी पदार्थ इथे वापरा. शाळेचं पांढरं, मऊ खोडरबर आणा. रंगीत नको, सुगंधी तर मुळीच नको. हँडलच्या आतल्या बाजूला, जिथे दिसत नाही तिथे, एका दिशेनं हलके चार फटके मारून बघा. चामड्याचा पृष्ठभाग खरबरीत झाला तर थांबा. नाही झाला तर पूर्ण हँडल असंच, रबराचे कण ब्रशनं झाडत झाडत. वरची मळकट चकाकी जाईल. रंग एखाद्या छटेनं खुलेल. ज्यांनी ‘आधी आणि नंतर’चे फोटो बघितलेत त्यांना हे फार वाटणार नाही. त्या फोटोंतली हँडलं बऱ्याचदा रंगवलेली असतात, किंवा लिंबू, साबण असलं काहीतरी मारलेलं असतं. टॅनिननं कमावलेलं चामडं मुळात आम्लधर्मी असतं आणि साबण अल्कली, म्हणून साबणानं उजळलेलं हँडल सहा महिन्यांनी कोरडं, ठिसूळ होतं आणि वाकताना चिरतं. लिंबानं फिके चट्टे उठतात.

पाण्याच्या डागांच्या बाबतीत मन घट्ट करा. ते पुसायला गेलं की डागाभोवती नवी, मोठी कड उमटते. ज्यांना अगदीच राहवत नाही ते तो पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुठेही न थांबता, डिस्टिल्ड पाण्याच्या घट्ट पिळलेल्या फडक्यानं एकसारखा ओलसर करतात आणि सावलीत वाळवतात. कधी डाग मिसळून जातो, कधी पट्टाच एक छटा गडद होतो. मी तुमच्या जागी असते तर केलं नसतं. चामडं जसं गडद होत जाईल तसे डाग आपोआप मागे पडतील. वीस वर्षांच्या हँडलशेजारी ते फारसे दिसतही नसणार. तुम्ही ते शोधून बघता म्हणून दिसतात.

क्रीम लावायचं का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचाराल. हँडल कोरडं, पांढुरकं वाटत असेल तरच बिनरंगी लेदर क्रीम, मुगाच्या दाण्याएवढं, कापडावर आधी पसरून मग हँडलवर. रंग थोडा गडद होणारच, हे धरून चाला. हात लावल्यावर चामडं लवचीक वाटत असेल तर काहीही लावू नका. मी नाही लावत.

हँडल जिथे कड्यांना जोडलेलं आहे ती जागा मात्र नीट तपासा. किंचित वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या, कडेचा लालसर लेप निघून चामड्याचे पदर सुटे दिसले, तर ती हँडल कधीतरी लग्नाच्या हॉलच्या दारातच तुटतील. मग स्वच्छता पुरेशी नाही, हँडल बदलायला हवीत. कंपनी स्वतः बदलून देते. मुंबईत जिओ वर्ल्ड प्लाझामध्ये त्यांचं दुकान आहे, तिथे बॅग दाखवून खर्च विचारता येतो, विचारायला पैसे पडत नाहीत. दोन गोष्टी लक्षात घ्या. नवी हँडल फिकट येतील आणि काही वर्षं उसनी आणल्यासारखी दिसतील. आणि बाहेर रंगवलेली, बदललेली बॅग हे लोक सहसा हातात घेत नाहीत. म्हणजे रंग मारून घेतला की तो दरवाजा बहुधा बंद झाला. धारावीत चामड्याचं उत्तम काम करणारे कारागीर आहेत, ते तशीच हँडल निम्म्याहून कमी पैशांत करून देतील, आणि बॅग मरेपर्यंत वापरायची असेल तर त्यात काही वाईट नाही. पण उद्या ती विकायची झाली तर किंमत पडेल. तुम्हीच ठरवा. तुमचं पत्र वाचून मला तुम्ही विकणाऱ्यांतल्या वाटला नाहीत.

चांभारदादांना रंगाला नाही म्हणा, पण टाक्यांसाठी मात्र त्यांच्याकडेच जा. उसवलेले दोन टाके ही गोष्ट आरी आणि दोरा घेऊन बसणाऱ्या गटई कामगाराइतकी चांगली कुणाला जमत नाही. तीन अटी सांगा. हातानं शिवायचं, मशीनवर नाही. जुन्याच भोकांतून, नवं भोक पाडायचं नाही. दोरा पिवळा आणि मेण लावलेला. बॅग त्यांच्याकडे सोडून जाऊ नका, शेजारी स्टुलावर बसा. बसल्यावर गप्पा होतात आणि पॉलिशचा डबा तुमच्या नजरेसमोर बंद राहतो. रंगाला माझा विरोध चांभारदादांच्या हातावरच्या अविश्वासातून नाही. रंगाचा थर वॅशेटाची रंध्रं बुजवतो, वाकेल तिथे तडकतो, आणि मग तो काढताना चामड्याची सालही निघते. कोरी करकरीत बॅग तुम्हाला दिवाळीपर्यंत मिळेल. पुढच्या दिवाळीला ती सोललेल्या भिंतीसारखी दिसेल.

कुलूप बॅगेवरून काढा. ते सुटं होतं, त्यावर आकडा असतो आणि किल्लीवरही तोच. किल्ली हरवली असेल तर त्या आकड्याची दुसरी चालते. पितळच असल्यानं आपल्या सगळ्यांचा हात चिंचेकडे किंवा पितांबरीकडे जातो. कुलूप सुटं असेल तर जाऊ दे, पण आधी मागच्या बाजूला टिकलीएवढ्या जागेत करून बघा. मुलामा असला तर तो घासून जाईल. धुतल्यावर किल्लीच्या भोकातलं पाणी झटकून पूर्ण वाळवा. कड्या आणि चेन बॅगेवरच आहेत, तिथे चिंच, लिंबू, पितांबरी काहीच नाही. आंबट पाण्याचा एक थेंब वॅशेटावर पडला की कायमचा डाग. नुसतं कोरडं फलालीन घासा, मागे पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा सरकवून. कड्यांच्या खोबणीत हिरवट मेणचट काही दिसलं तर घाबरू नका. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, तसं चामड्यातल्या चरबीनं पितळ कळकतं. टूथपिकनं खरवडून काढा, ओलं न करता.

चेन अडकते तिथे पांढरी मेणबत्ती दातांवरून घासा, दोनदा उघडबंद करा, उरलेलं मेण पुसा. झालं.

आतलं अस्तर साधं तपकिरी सुती कापड असतं. ते बाहेर ओढा, शिवणींतला कचरा झाडा, चिकटपट्टी हातावर उलटी गुंडाळून धूळ उचला. तिथे कुठे जुन्या बॉलपेनची शाई असेल तर राहू द्या, धुवायला गेलात तर पसरेल आणि अस्तर मागून चिकटवलेलं असेल तिथे सुटेल. वासासाठी खायचा सोडा मलमलच्या पोटलीत बांधून, किंवा ॲक्टिव्हेटेड चारकोलची पिशवी, बॅगेत ठेवा आणि बॅग मोठ्या खोक्यात झाकून आठवडाभर विसरून जा. सोडा चामड्यावर सांडू देऊ नका, तोही अल्कलीच. वास राहिला तर पोटली बदलून आणखी एक आठवडा. अत्तर, अगरबत्ती, फ्रेशनर मारलात तर कोंदट वासात मोगरा मिसळून तिसरंच काही तयार होईल. आणि डांबराच्या गोळ्या तर अजिबात नकोत. त्यांच्या वाफेनं काही प्लास्टिक मऊ पडतात, आणि तुमची अर्धी बॅग प्लास्टिकनं लेपलेली आहे. शिवाय तो वास तुम्ही कितीही धुतलात तरी लग्नात शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंना येतोच.

ठेवायची कशी? प्लास्टिकची पिशवी आजच फेकून द्या. वर्तमानपत्रही आत कोंबू नका, शाई उतरते. जुनं, अनेकदा धुतलेलं, बिनरंगी सुती काही असेल तर बघा. आजीच्या पांढऱ्या पातळाचा तुकडा, बाळंतविड्यातलं उरलेलं दुपटं, फिकट उशीचा अभ्रा. त्याचा बोळा आत भरा, म्हणजे आकार राहील, आणि वरून तसाच अभ्रा. हँडल एकमेकांना टेकू देऊ नका, उकाड्यात त्यांच्या कडेचा लेप चिकट होतो. कपाट बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर तिथे नाहीच, माळ्यावर तर नाहीच. सिलिका जेलच्या मोठ्या पिशव्या मिळतात, नारिंगी दाण्यांच्या घ्या. ओल पिऊन ते हिरवे झाले की ओव्हनमध्ये मंद आचेवर पुन्हा नारिंगी करता येतात. औषधाच्या डबीतल्या इवल्या पुड्यांनी काही होत नाही. शे-दोनशे रुपयांचं डिजिटल आर्द्रतामापक कपाटात ठेवलंत तर अंदाजपंचे चालणार नाही. आणि पावसाळ्यात दर रविवारी बॅग अर्धा तास बाहेर काढून उघडी ठेवा. तेवढ्यात फोनवर आईशी बोलणं होतं.

वेळेचं गणित जुळतं. बुरशी आणि वाळवणं आठवडाभर, वासाला दोन आठवडे, बाकीचं दोन रविवारचं काम. तुळशीच्या लग्नापर्यंत भरपूर दिवस आहेत, म्हणून घाई करून शेवटच्या रात्री काहीतरी चोळायची वेळ येऊ देऊ नका. काळी बुरशी बसलेल्या जागी बारीक ठिपके उरले तर ते उरणार, त्यांना खरवडू नका. लोकलमध्ये, गर्दीच्या वेळी, ओल्या छत्र्यांच्या शेजारी ही बॅग न्यायची नाही हे सांगायला नकोच.

भाचीच्या लग्नाला जरूर न्या. फक्त हळदीच्या दिवशी ती खोलीत ठेवा आणि कुलूप लावा, बॅगेचं छोटं नव्हे, दाराचं. वॅशेटावर हळद लागली तर तो डाग कोणत्याही फडक्यानं निघत नाही. लागलीच, तर पाणी न लावता कोरड्या कापसानं वरचेवर टिपून घ्या आणि मला लिहा. घासत बसू नका.